गोळी तीच, उतारा वेगळा : किडनी बसवल्यानंतरची औषधं आणि आपलं ताट

तासगाव तालुक्यातल्या एका बागायतदार काकांनी सलग दोन हंगाम स्वतःच्या बागेतला द्राक्षाचा एक मणी तोंडात घातला नव्हता. काकींनी दिलेली किडनी त्यांना बसवली आहे. दोघं महिन्याचं औषध न्यायला मिरजेला आमच्या दुकानात येतात. फेब्रुवारीत काकींनी माझ्यासाठी घड आणले, मी त्यातलाच एक तोडून काकांपुढे धरला, तर त्यांनी हात मागं घेतला. "नको ताई, आमाला बंद हाय."

कुणी बंद केलं म्हणून विचारलं, तर काकींनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला कागद काढला. आहाराच्या सूचना, मराठीत टाईप केलेल्या. चौथी ओळ होती, 'द्राक्षे व द्राक्षाचा रस पूर्ण बंद.'

मूळ इंग्रजी कागदावर तिथे 'ग्रेपफ्रूट' असणार, म्हणजे पपनसाच्या नात्यातलं फळ. भाषांतर करणाऱ्यानं 'ग्रेप' एवढंच पाहिलं. पोटाला चिमटा घेऊन वाढवलेली बाग, त्यातलं पीक आणि ते न खाणारा माणूस, सगळं एका शब्दापायी. मी पुढचा प्रश्न विचारला, "काका, पपनस खाता का?" तर म्हणाले, "खातो की! गणपतीत घरी असतंयच."

म्हणजे जे चालत होतं ते बंद, आणि जे बंद हवं ते चालू. हा लेख मी त्या चौथ्या ओळीपायी लिहिते आहे. गेली बावीस वर्षं मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभी आहे. किडनी किंवा लिव्हर बसवलेले, ल्यूपसचे, संधिवाताचे, आतड्याच्या जुनाट दुखण्याचे कितीतरी पेशंट रोज समोर येतात. त्यांच्या चिठ्ठीत एक ना एक औषध प्रतिकारशक्ती दाबणारं असतं : टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट, अझाथायोप्रिन, मेथोट्रेक्सेट, सोबतीला बहुतेक वेळा प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. 'हे खाऊ नका, ते घेऊ नका' असं सगळे सांगतात. का, ते सांगायला फारसं कुणाला वेळ नसतो. आणि का हे कळलं नाही, की माणूस एकतर सगळंच सोडून देतो, नाहीतर काहीच पाळत नाही.

आधी उताऱ्याची गोष्ट सांगते. विषावरचा उतारा नव्हे, साखर कारखान्याचा उतारा. आपल्या भागात हे कुणाला समजावावं लागत नाही. शंभर टन ऊस गाळला की साखर निघते अकरा-बारा टन. बाकीचा बगॅस, मळी, पाणी. ऊस किती घातला यापेक्षा साखर किती उतरली याला महत्त्व.

टॅक्रोलिमसच्या गोळीचंही तसंच आहे. पेशंट तिला 'टॅक्रो' म्हणतात. आपण जेवढं औषध गिळतो त्यातलं सरासरी वीस-पंचवीस टक्केच रक्तात उतरतं. बाकीचं वाटेतच संपतं, कारण आतड्याच्या अस्तरात आणि लिव्हरमध्ये एक एन्झाइम बसलेलं असतं, सीवायपी थ्री-ए-फोर. बाहेरून आलेलं रसायन मोडून टाकणं हे त्याचं काम. त्याच्या जोडीला आतड्याच्या पेशीत पंपासारखं एक प्रथिन असतं, ते आत शिरलेलं औषध पुन्हा बाहेर आतड्यात लोटतं. या दोघांच्या तावडीतून सुटलेलं औषध म्हणजे आपला उतारा.

आता हिशोब बघा. उतारा वीस टक्के आहे असं धरून डॉक्टरांनी डोस बसवला. तुम्ही असं काही खाल्लंत की त्या एन्झाइमचं काम थांबलं आणि उतारा चाळीस टक्के झाला. गोळी तीच, वेळ तीच, पण रक्तात औषध दुप्पट. तुमच्या लेखी तुम्ही काहीच बदललेलं नाही.

इतर बऱ्याच औषधांत असं थोडं कमीजास्त झालं तरी निभावतं. टॅक्रो आणि सायक्लोस्पोरिनचं तसं नाही. त्यांची चालण्यासारखी पट्टी फार अरुंद आहे. औषध कमी पडलं तर शरीर बसवलेल्या किडनीला परकं समजून तिच्यावर तुटून पडतं, त्यालाच रिजेक्शन म्हणतात. जास्त झालं तर तेच औषध किडनीला इजा करतं, बीपी वाढवतं, साखर वाढवतं, हाताला कंप आणतं. ज्या अवयवाला वाचवायला गोळी द्यायची, त्यालाच ती जास्त झाली तर मारते. म्हणून या औषधांची 'लेव्हल' रक्तात मोजावी लागते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा डोस तुमच्या दुप्पट का, याचंही उत्तर इथेच आहे. काहींच्या शरीरात थ्री-ए-फाइव्ह नावाचं आणखी एक एन्झाइम जोमात असतं, त्यांचा उतारा मुळातच कमी पडतो. दुसऱ्याच्या चिठ्ठीशी आपली चिठ्ठी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

लेव्हलच्या तपासणीबद्दल एक गोष्ट ठासून सांगते, कारण ही चूक मी जवळजवळ दर महिन्याला बघते. रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं, आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. लोक घरून निघताना सवयीनं गोळी घेतात आणि मग लॅबमध्ये जातात. रिपोर्टात आकडा भलताच वर येतो, डॉक्टर डोस कमी करतात आणि मग खरी लेव्हल पडते. त्या दिवशी गोळी डब्यासोबत पिशवीत ठेवा, रक्त दिल्यावर घ्या. चुकून आधी घेतलीच, तर लाजू नका, डॉक्टरांना तसं सांगा.

आता पपनस. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसं पिकत नाही, पण त्याचं आजोळ आपल्या ओळखीचं आहे. पपनस आणि संत्र्याच्या संकरातून अठराव्या शतकात कॅरिबियन बेटांकडे ग्रेपफ्रूट तयार झालं. झाडाला द्राक्षासारखं घोसानं लगडतं म्हणून त्याला तसं नाव पडलं म्हणतात. द्राक्षाशी त्याचं याहून जास्त नातं नाही. या फळात फ्युरॅनोकूमॅरिन नावाची रसायनं असतात. ती आतड्यातल्या त्या एन्झाइमला नुसती थोपवत नाहीत, कायमची निकामी करतात. शरीराला नवीन एन्झाइम तयार करावं लागतं आणि त्याला एक ते तीन दिवस जातात. त्यामुळे 'सकाळी गोळी, दुपारी फळ, मध्ये सहा तास सोडले' असं म्हणून भागत नाही.

हे सापडलं तेही योगायोगानं. कॅनडातले संशोधक फेलोडिपिन या बीपीच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते तपासत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि औषधाची लेव्हल अपेक्षेपेक्षा कितीतरी वर गेली. दोष दारूचा नव्हता, रसाचा होता. १९८९ साली त्यांनी हे छापलं, आणि तेव्हापासून औषधांच्या माहितीपत्रकांत ते फळ येऊन बसलं. पपनस त्याच रक्ताचं. जपानमध्ये किडनी बसवलेल्या एका रुग्णाची टॅक्रोची लेव्हल पपनस खाल्ल्यावर वाढल्याची नोंद आहे. पण माहितीपत्रकं लिहिणाऱ्यांच्या ताटात पपनस नसतं, म्हणून त्यात ग्रेपफ्रूट असतं आणि पपनस बहुधा नसतं. आपल्यासाठी मात्र तेच महत्त्वाचं. गणपतीत नैवेद्याला ठेवा, खायला इतरांना द्या. मुरंब्याला वापरतात ते कडवट संत्रं, सेव्हिल म्हणतात ते, तेही टाळायचं. साधं संत्रं आणि मोसंबी या यादीत येत नाही. वरणावर पिळलेल्या लिंबाचं भय धरू नका.

आणि द्राक्षं? उताऱ्याच्या दृष्टीनं चालतात. त्या दिवशी काकांच्या डॉक्टरांकडे फोन लावून मी खात्री करून घेतली, कारण बंद केलेली गोष्ट माझ्या एकटीच्या शब्दावर सुरू व्हावी असं मला वाटत नव्हतं. त्यांनी साखर बघून बेतानं खायला सांगितलं. टॅक्रो आणि प्रेडनिसोलोन दोन्ही साखर वाढवतात, म्हणून ते बेतानं. बेदाण्याचं मात्र वेगळं आहे, त्याकडे पुढे येते.

डाळिंबाबद्दलही विचारतात, आटपाडी-जत भागातून येणारे तर हमखास. डाळिंबाच्या रसानं लेव्हल वाढल्याच्या तुरळक नोंदी आहेत, पण पक्का पुरावा नाही. मी सांगते, दाणे खायचे तर थोडे खा, रोज ग्लासभर रस सुरू करू नका. करमळ, म्हणजे स्टारफ्रूट, हे मात्र किडनी अधू असलेल्यानं अजिबात खायचं नाही. त्यातलं ऑक्झलेट किडनीला आणि दुसरं एक विषारी द्रव्य मेंदूला त्रास देतं. त्याचा लेव्हलशी संबंध नाही, तो धोका स्वतंत्र.

हळदीशिवाय सांगलीचा लेख पुरा होत नाही. मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि इथल्या माणसाला 'हळद जपून खा' म्हटलं की तो माझ्याकडे संशयानं बघतो. तर नीट ऐका. फोडणीतली चिमूटभर हळद चालते. कधीतरी घेतलेलं हळदीचं दूधही बहुतेकांना बाधत नाही. अडचण होते ती हळद 'औषध' म्हणून सुरू केली की. लिव्हर बसवलेल्या एका रुग्णानं हळद चमच्याचमच्यानं मोठ्या प्रमाणात खाल्ली आणि टॅक्रोची लेव्हल विषारी पातळीवर जाऊन किडनीला इजा झाली, अशी वैद्यकीय नियतकालिकात नोंद आहे. कर्क्युमिनच्या कॅप्सूल तर आणखी वेगळ्या. शंभर ग्रॅम हळदीत कर्क्युमिन साधारण तीन ग्रॅम, कॅप्सूलमध्ये ते आटवून भरलेलं असतं. वर ते अंगी लागावं म्हणून मिऱ्यातलं पिपरिन घालतात. पिपरिन अंगी लावतं म्हणजे काय करतं? तेच. त्या एन्झाइमला आणि पंपाला आवरतं. म्हणजे डबीवर जे कौतुकानं छापलेलं असतं, ते टॅक्रो घेणाऱ्यासाठी धोक्याचं.

गुळवेलीबद्दल मला जास्त तळमळीनं बोलायचं आहे. कोरोनाच्या काळात दारोदारी काढा उकळला. 'प्रतिकारशक्ती वाढवणारा' असं लिहिलेली बाटली मुलगा प्रेमानं वडिलांसाठी घेऊन येतो, आणि वडिलांना किडनी बसवलेली असते. डॉक्टर ज्या प्रतिकारशक्तीला गोळ्यांनी दाबून ठेवताहेत, तिलाच आपण घरात खतपाणी घालतो. शिवाय २०२० मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या लिव्हरला सूज आलेली आढळली आणि त्यांनी पुढच्या वर्षी ही निरीक्षणं प्रसिद्ध केली. हे रुग्ण अवयव बसवलेलेही नव्हते. अश्वगंधा, जेष्ठमधाचा रोजचा काढा, इम्युनिटीची पावडर, वजन वाढवायचे डबे, सगळ्यांना हाच नियम : आधी विचारा, मग घ्या. जेष्ठमध जास्त झालं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम पडतं. 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य मी काउंटरवर इतक्या वेळा ऐकलंय. पान असो की गोळी, आतड्यातल्या एन्झाइमला त्यातलं रसायन तेवढं दिसतं.

फळं आणि काढे याहून मोठा धोका मात्र दुसऱ्या औषधांचा आहे.

एक मावशी गावाहून येतात, पलूसच्या बाजूच्या. एकदा पैसे मोजताना त्यांच्या हातातल्या नोटा थरथरत होत्या. दहा-दहाच्या नोटा, दोनदा मोजल्या, दोनदा चुकल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय की बया, आठवडा झाला, कप धरला तरी बशीत सांडतोय." आठवड्यात नवीन काय घेतलं? खोकला होता, गावातल्या दवाखान्यात गोळ्या दिल्या. पाकीट बघितलं तर क्लॅरिथ्रोमायसिन. ती अँटिबायोटिक त्या एन्झाइमला जबरदस्त आवरते. मी तिथूनच त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. लेव्हल केली तर दुपटीच्या वर. गावातल्या डॉक्टरांना दोष द्यावा, तर मावशींनी त्यांना किडनीचं सांगितलंच नव्हतं. "खोकल्याला गेले होते, किडनीचं कशाला सांगायचं?"

एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, फंगसच्या गोळ्यांत फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल, बीपी आणि हृदयाच्या गोळ्यांत डिल्टियाझेम, व्हेरापामिल, आणि कोविडवर दिलेल्या गोळ्यांच्या जोडीतलं रिटोनाव्हिर. ही सगळी उतारा वाढवणारी. नायट्यावर फ्लुकोनॅझोल आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मागायची पद्धत आहे. टॅक्रो घेणाऱ्यानं ती मागू नये आणि दुकानदारानं देऊ नये.

यातली डिल्टियाझेम काही डॉक्टर मुद्दाम देतात. टॅक्रो महाग आहे. डिल्टियाझेम जोडीला दिली की उतारा वाढतो आणि कमी गोळ्यांत लेव्हल मिळते. आपल्या देशात ही युक्ती जुनी आहे आणि कितीतरी घरांचे पैसे तिनं वाचवले आहेत. पण मग दुसऱ्या गावातला नवा डॉक्टर बीपी बघून ती गोळी बदलतो, पेशंटला वाटतं बीपीचीच तर होती, आणि इकडे लेव्हल कोसळते. तुमच्या चिठ्ठीत ती असेल तर ती नेमकी कशासाठी आहे ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

उलट्या दिशेचीही औषधं आहेत, ती जास्त फसवी, कारण हात थरथरत नाहीत, काहीच दुखत नाही. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन हे त्यांतलं सगळ्यात जोरकस. ते शरीराला ते एन्झाइम जास्त बनवायला लावतं. एक-दोन आठवड्यांत मोडणारे हात वाढतात आणि उतारा घसरतो. टॅक्रोचा डोस दोन ते पाच पट वाढवावा लागू शकतो. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला टीबी होण्याची शक्यता मुळातच जास्त, म्हणजे ही गाठ पडतेच. टीबीचे उपचार टाळून चालत नाहीत, टॅक्रोही नाही. मग किडनीचे डॉक्टर डोस वाढवतात किंवा रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन वापरता येतं का ते बघतात, आणि लेव्हल वरचेवर करतात. टीबीचं औषध संपल्यावर वाढलेलं एन्झाइम दोनेक आठवड्यांत ओसरतं. तेव्हा वाढवलेला डोस तसाच राहिला, तर लेव्हल उसळी मारते. सुरू करताना सगळे जागे असतात, संपताना विसरतात. फिटच्या गोळ्यांत फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन याच जातकुळीतल्या.

अंगदुखीच्या गोळीचा उताऱ्याशी संबंध नाही, तरी ती या सगळ्यांहून जास्त वेळा घात करते. ऊसतोड, भांगलण, दिवसभर बागेत वाकून काम. संध्याकाळी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतल्याशिवाय झोप नाही, अशी माणसं इथे पुष्कळ. किडनीत रक्त आणणारी बारीक नळी टॅक्रोमुळे आधीच आकसलेली असते. ती रुंद ठेवायला शरीर काही रसायनं बनवतं, आणि ही पेनकिलर नेमकी तीच बंद करते. किडनीचं पाणीच तोडल्यासारखं. दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही किती ते विचारून.

ज्यांना अझाथायोप्रिन चालू आहे, त्यांनी युरिक अॅसिडची अॅलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट ही दोन नावं पाठच करावीत. अझाथायोप्रिन ज्या वाटेनं शरीरातून मोडून जातं, तीच वाट या गोळ्या बंद करतात. औषध साचतं आणि अस्थिमज्जेतल्या रक्तपेशी बनणं थांबतं. अॅलोप्युरिनॉल द्यायचीच वेळ आली, तर डॉक्टर अझाथायोप्रिन पाव ते एक तृतीयांशावर आणतात. किडनी बसवलेल्यांना पायाच्या अंगठ्याची गाऊटची दुखणी बरीच होतात, म्हणून ही गाठ कागदावरची नाही. मायकोफेनोलेटला अॅसिडिटीचं पातळ औषध, त्यातलं अॅल्युमिनियम-मॅग्नेशियम, अंगी लागू देत नाही. एकदम घोटभर घेऊन वर गोळी टाकू नका. मेथोट्रेक्सेट संधिवातात बहुतेक वेळा आठवड्यातून एकदाच असतं. वार ठरवून कॅलेंडरवर गोल करा. रोज घेतल्यानं जीव गेलेले आहेत. आणि लघवीच्या जंतुसंसर्गावर दिली जाणारी सल्फाची गोळी, को-ट्रायमोक्साझोल, मेथोट्रेक्सेटबरोबर रक्तपेशी खाली आणते.

बेदाण्याकडे पुढे येते म्हटलं होतं. तिथे प्रश्न पोटॅशियमचा. टॅक्रो आणि सायक्लोस्पोरिन किडनीला पोटॅशियम बाहेर टाकू देत नाहीत. रक्तात ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके चुकतात. म्हणून रिपोर्टात पोटॅशियम वर असेल, तर शहाळं, केळी आणि बेदाणे यांना आवर घालावा लागतो. वजनाला वजन धरलं तर बेदाण्यात ताज्या द्राक्षाच्या साधारण चौपट पोटॅशियम असतं. पाणी गेलं, बाकी सगळं तिथेच राहिलं. येता-जाता मूठभर तोंडात टाकायची सवय तासगावकडे कुणाला नसते? आणि बीपीसाठी म्हणून 'लो सोडियम' मीठ आणलं असेल तर पाकिटाच्या मागं काय लिहिलंय ते वाचा. सोडियम काढून तिथे पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रिपोर्ट चांगला असेल तर मात्र उगाच केळी सोडू नका. हे पथ्य रिपोर्टाप्रमाणे बदलतं, जन्मभराचं नसतं.

जुलाबाचं लोकांना उलटं वाटतं. त्यांना वाटतं गोळी वाहून जाते, म्हणजे लेव्हल पडणार. टॅक्रोच्या बाबतीत बहुधा वाढते. आतड्याचं अस्तर सुजलं की तिथलं एन्झाइम आणि पंप दोन्ही लंगडे पडतात, आणि एरवी मोडलं गेलं असतं ते औषध आत शिरतं. वर अंगातलं पाणी कमी झाल्यानं किडनीवर ताण. २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरानंतर कृष्णाकाठी पाण्याचे हाल होते, तेव्हा मी फोनवर हेच सांगत होते : दोन दिवस जुलाब थांबले नाहीत तर गोळी आपल्या मनानं वाढवू नका, बंदही करू नका, डॉक्टरांना कळवा आणि लेव्हल करा. पाणी उकळून प्या, रस्त्यावरचा उसाचा रस आणि न तापवलेलं दूध नको.

मग पाळायचं काय? खरं तर एकच : नेम. डोस तुमच्या ताटाला जुळवलेला असतो. टॅक्रो रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायला सांगतात, कारण तुपकट जेवणावर घेतली तर उतारा एक तृतीयांशाहून अधिक घटल्याचं तपासण्यांत दिसलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळी पद्धत सांगितली असेल तर ती पाळा, पण रोज तीच. सोमवारी उपाशी, मंगळवारी पुरणपोळीवर, असं नको. कंपनीही आपली आपण बदलू नका. एका दुकानात मिळाली नाही म्हणून दुसऱ्या ब्रँडची आणली, तर डॉक्टरांना सांगून लेव्हल करून घ्या. दिवसातून दोनदा घ्यायची साधी कॅप्सूल आणि एकदाच घ्यायची लांबणीची कॅप्सूल यांची अदलाबदल तर कधीच नाही, मिलिग्रॅम सारखे दिसले तरी.

आणि कुठल्याही दवाखान्यात, दाताच्या असो की डोळ्यांच्या, बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच : "मला किडनी बसवलीय, टॅक्रो चालू आहे." पाकिटात गोळ्यांच्या नावांची चिठ्ठी ठेवा, नाहीतर स्ट्रिपचा फोटो मोबाईलमध्ये.

गेल्या मे महिन्यात काकींचा फोन आला. भाच्याच्या लग्नाला इस्लामपूरला गेले होते, काकांना खोकला झाला, तिथल्या दवाखान्यात बसूनच फोन लावला होता. मागं सनई-चौघड्याचा आवाज यावा इतका दवाखाना मांडवाजवळ. काकी चिठ्ठी एकेक अक्षर लावून वाचत होत्या. "ताई, क्लॅ... रि... थ्रो... पुढचं लागंना."

"पुढचं नका वाचू काकी. फोन डॉक्टरांकडे द्या."

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, काकांच्या किडनीच्या डॉक्टरांचा नंबर मागितला, त्यांच्याशी बोलले आणि चिठ्ठी परत घेऊन दुसरी लिहिली.